मी तुमच्या मागे आहे

ब्रॉसार्ड या फ्रेंच बोलणाऱ्या गावात आम्ही बेसमेंटमध्ये राहायचो तेव्हा बाहेरचं हवामान आम्हाला लोकांच्या पायांवरून कळायचं. स्वयंपाकघराला एकच खिडकी होती, आतून छताला लागलेली आणि बाहेरून जमिनीला टेकलेली. तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे गुडघ्यापर्यंतचे पाय तेवढे दिसायचे. आई पोळ्या लाटता लाटता वर बघायची आणि म्हणायची, "आज बूट निघाले बापा लोकांचे. टोपी घालून जा." तिचा अंदाज टीव्हीवरच्या बाईपेक्षा खरा निघायचा. भिंतीपलीकडे घर गरम करणारी फर्नेस होती. ती सुरू होताना आधी एक उसासा टाकायची, मग कोणीतरी पत्रा वाजवल्यासारखा आवाज यायचा आणि त्यानंतर नुसती घरघर. वर घरमालकीण, एक म्हातारी पोर्तुगीज बाई, लाकडी चपला घालून फिरायची. आमच्याकडे फोडणी पडली की त्या चपला थांबायच्या. मिरचीचा ठसका वर पोचला की आमच्या डोक्यावर खिडकी उघडल्याचा आवाज यायचा आणि आई पुटपुटायची, "घ्या, जेवल्या त्या पण."

बाबा आमच्या आधी दोन वर्षं एकटेच येऊन राहिले होते. नागपूरला ते हिंगण्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर होते. इथे लव्हालला विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम त्यांना मिळालं होतं. ती दोन वर्षं ते माझ्यासाठी फोनवरचा आवाज होते. आम्ही पोचलो तेव्हा विमानतळावर समोर उभा असलेला माणूस मला त्या आवाजापेक्षा बुटका वाटला. त्यांनाही मी अनोळखी वाटलो असणार. ते सोडून आले तेव्हा माझा आवाज फुटला नव्हता. एकाच घरात आम्ही दोघं पाहुण्यांसारखे जपून वागायचो. "जेवला का?" "हो." "अभ्यास?" "झाला." एवढ्यावर संध्याकाळ संपायची. माझ्याशी न बोलणारा हा माणूस रस्त्यात मात्र कोणाशीही बोलायचा. बर्फ काढायच्या गाडीचा ड्रायव्हर दिसला की त्याला थांबवून, ते पुढचं पातं कसं बसवता, हे विचारायचा. ग्रोसरीच्या दुकानात मासे कापणाऱ्याला, तुमच्या सुरीला कोण धार लावून देतो, हे विचारायचा. मी तेव्हा शेल्फांच्या मागे जाऊन उभा राहायचो. बापाच्या चौकशांची लाज वाटणं हा मोठा गुन्हा नाही, असं माझी बायको आजही मला सांगते. मला ते अजून पटलेलं नाही.

शाळेत मी स्वागतवर्गात होतो. बाहेरून आलेल्या पोरांना फ्रेंच शिकवायचा तो वर्ग. तिथे माझ्याशी बोलणारे दोघेच होते: मोल्दोव्हाचा व्हिक्तोर आणि क्यूबाची यानेत. तिघांचं फ्रेंच सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं चांगलं जमायचं. त्या वर्षी गेम खेळायचं एक नवं यंत्र येणार होतं. वर्गातली सगळी पोरं त्याच्याचबद्दल बोलायची. व्हिक्तोरने दुकानाच्या जाहिरातीतला त्याचा फोटो कापून कंपासपेटीत ठेवला होता आणि गणिताच्या तासाला तो उघडून बघायचा. एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही घेणार आहोत. ज्या शनिवारी येईल त्याच दिवशी. दुपारी या घरी." बोलून झाल्यावर मीच दचकलो. घरी कोणाला काही विचारलंसुद्धा नव्हतं. खरं सांगायचं तर यंत्राचं मला तितकंसं नव्हतं. वर्षभरात आमच्या घरी मेश्रामकाकांच्या कुटुंबाशिवाय कोणी आलं नव्हतं, तेही महिन्याच्या बुद्धवंदनेची पाळी आमच्याकडे असली तरच. खिडकीतून दिसणाऱ्या त्या सगळ्या पायांपैकी दोन जोड्या आमच्या दाराकडे वळाव्यात, एवढंच मला हवं होतं. यंत्राशिवाय ते कशाला वळतील, असं मला वाटायचं.

बाबांना विचारायला मी जेवणाची वेळ निवडली. दुकानात थोडीच यंत्रं येणार, त्यामुळे आदल्या रात्रीपासून रांगेत उभं राहावं लागेल, हे सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"रात्रभर रांगेत? काहून? रेशनचं आहे का?"

"नाही बाबा, गेमचं."

"मंग नंतर नाही भेटत का ते?"

"भेटेल. दोन-चार महिन्यांनी."

"म्हणजे नंतर भेटते, तरी लोक थंडीत उभे राहतात? हौसेनं?"

"हो."

मला वाटलं, संपलं. पण बाबा आईकडे वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मासे कापणाऱ्याशी बोलताना असायची तीच चमक होती. "ऐकलं का? हौसेची रांग! पाह्यलीच पाहिजे ना एकदा." बाबांचा जन्म रांगेत गेला होता. रॉकेलची, गॅसची, फोनच्या अर्जाची, परीक्षेच्या फॉर्मची, शेवटी व्हिसाची. नाइलाज नसताना कोणी रांगेत उभं राहतं, ही गोष्ट त्यांना एखाद्या दुर्मीळ प्राण्यासारखी वाटली. आई म्हणाली, "पोराले एकट्याले नका पाठवू मात्र." बाबा म्हणाले, "एकट्याले? मी जाऊन राहिलो!"

शुक्रवारी संध्याकाळी आईने तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, थर्मास भरला आणि वर बघून म्हणाली, "बूट घाल." खिडकीतून जाणारे सगळे पाय बुटांत होते. मी "घालतो" म्हणालो आणि नवे पांढरे स्पोर्ट शूज घालून निघालो, कारण रांगेत शाळेतलं कोणी भेटलं असतं आणि माझे हिवाळी बूट मेश्रामकाकांच्या मुलाचे जुने होते, टाचेला चिकटपट्टी लावलेले. या शूजबद्दल मला पुढे बरंच सांगायचं आहे.

दुकान हायवेला लागून होतं, समोर गाड्यांसाठी मोठं मैदान. भिंतीला धरून रांग लागलेलीच होती. आम्ही जाऊन उभे राहिलो तेव्हा पुढच्यांनी मोजून आम्हाला सांगितलं की काळजी नको, इतक्या पुढे नंबर आहे म्हणजे मिळणार. माझा जीव भांड्यात पडला. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते रांग बघत होते. कोणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कोणी तंबू. एकाने स्लीपिंग बॅगमध्ये शिरून फक्त नाक बाहेर ठेवलं होतं. कुठे गाणी चालू होती. एका बाईने सगळ्यांना गरम सूप वाटलं. "हे तं वनभोजन आहे बे," बाबा म्हणाले. माझ्याशी ते इतकं सहज बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

आमच्या पुढे उभा होता, म्हणजे उलट्या बादलीवर बसला होता, रेजाँ नावाचा एक धिप्पाड दाढीवाला. अंगात नारिंगी जाकीट. पायांपाशी छोटी गॅसची शेगडी. आमच्या मागे कॉलेजातलं एक जोडपं एका ब्लँकेटमध्ये. बाबांनी पाच मिनिटांत रेजाँला गाठलं. बादली का आणली? कारण तो हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर मासे धरायला जातो, तिथे बादलीवरच बसतात. नदी गोठल्यावर मासे कसे धरता? बर्फाला भोक पाडून. बाबा माझ्याकडे वळले. "ऐकलं का? भोक पाडते म्हणते!" रेजाँचं इंग्रजी थोडं, बाबांचं फ्रेंच त्याहून थोडं, संध्याकाळच्या मोफत वर्गात शिकलेलं. उरलेलं काम चार हात करत होते. मीही हळूहळू ऐकायला लागलो. बर्फाची जाडी आवाजावरून कशी ओळखायची, हे रेजाँ बादलीवर बोटं आपटून दाखवत होता आणि मला राहवेना, मीच विचारलं, "आणि चुकलं तर?" तो म्हणाला, "तर मासे तुला धरतात." बाबा हसत सुटले. मी वाक्याचा अर्थ सांगायच्या आधीच हसले.

मग रेजाँचा सूर उतरला. बायको वेगळी झालेली, मुलगा तिच्याकडे, एकाआड एक शनिवार-रविवारी त्याच्याकडे येतो. येतो आणि भिंतीकडे बघत बसतो. मासेमारीला येत नाही. उद्या तो येणार होता आणि त्याच्यापुढे हा डबा ठेवायचा, म्हणजे तो दोन शब्द बोलेल, असा त्याचा बेत होता. "मला हे खेळता येत नाही," तो म्हणाला. "मी नुसता शेजारी बसेन." हे सगळं फ्रेंचमध्ये चाललं होतं आणि बाबांना किती कळत होतं ते मला सांगता येत नव्हतं. मी त्यांना सांगायला हवं होतं. पण तोवर माझं सगळं लक्ष पायांकडे गेलं होतं.

दुपारी पडलेल्या बर्फाचा रांगेखाली चिखल झाला होता आणि तो शूजमध्ये शिरला होता. आधी बोटं दुखत होती. मी एका पायावरून दुसऱ्यावर नाचत होतो. मग दुखणं थांबलं, आणि ते थांबल्यावर मला भीती वाटली. बाबांनी माझं नाचणं पाहिलं, मग खाली पाहिलं. पांढऱ्या शूजकडे थोडा वेळ बघत राहिले. मी वाट बघत होतो ओरडण्याची. ते रेजाँकडे वळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि संध्याकाळच्या वर्गातलं सगळं फ्रेंच गोळा करून सावकाश म्हणाले, "जं स्वी देरिएर व्हू. ओके?"

मी तुमच्या मागे आहे.

रेजाँने वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. बाबांचा हात त्याने दोन्ही हातांत धरला. "मर्सी, मस्यू," तो म्हणाला. "मर्सी बोकू."

"चल," बाबा मला म्हणाले. "सांगितलं त्याले. गाडीत जाऊ." चालता चालता मागे बघून म्हणाले, "लय चांगला माणूस आहे. पाह्यलं, कसा गहिवरला?" रांगेतला नंबर धरायला सांगितल्यावर कोणाला रडू कसं येतं, हे कोडं मलाही पडलं होतं. पण पाय लाकडाचे झालेले असताना कोडं कोण सोडवतो.

गाडीत बाबांनी हीटर पूर्ण सोडला. माझे शूज काढले, मोजे काढले आणि माझे पाय आधी हीटरसमोर आणि मग स्वतःच्या जाकिटाच्या आत, पोटाशी धरून बसले. पायांत जीव परत यायला लागला तशी मुंग्यांची फौज चढली आणि मी कण्हायला लागलो. "दुखू दे," ते म्हणाले. "दुखून राहिलं म्हणजे चांगलं आहे." त्या अवस्थेत, माझे पाय त्यांच्या पोटाशी आणि पुऱ्यांचा डबा आमच्या मध्ये, आम्ही जेवलो. पुऱ्या गार होत्या, चहा गरम होता, आणि काचेवर आमच्या श्वासाचं धुकं चढलं होतं. त्यांनी मला रॉकेलच्या रांगेबद्दल सांगितलं. गेलं की आधी विचारायचं, शेवटचा कोण. जो हात वर करेल त्याला सांगायचं, मी तुमच्या मागे आहे. मग जाऊन सावलीत बसायचं, नाहीतर घरी जाऊन वरण शिजत घालून यायचं. "एकदा सांगितलं ना, की मंग तुझी जागा तो माणूस सांभाळते. तो गेला तं जाताना पुढच्याले सांगून जाते."

मला कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "बाबा, तुम्ही इथं एकटे असताना काय करायचे?"

त्यांनी पुढची पुरी उचलली. "काय करणार. कामावर जायचं, घरी यायचं. सुटीच्या दिवशी तोंडातून शब्द नाही निघायचा. मंग मी बाहेर पडून कोणाले तरी काहीतरी विचारायचो. हे कसं करता, ते कुठून आणता. विचारलं तं लोक सांगतात ना. सांगायले सगळ्याले आवडते." माझ्या पायांवरचं जाकीट त्यांनी नीट केलं. "मंग सवयच लागली."

शेल्फांच्या मागे लपलेला मी मला त्या क्षणी दिसलो. मला काहीतरी म्हणायचं होतं. शब्द जुळवता जुळवता मला झोप लागली, आणि दिवसभर काम करून आलेल्या त्यांनाही लागली.

जाग आली तेव्हा काचेवरचं धुकं राखाडी झालं होतं. आम्ही धावत गेलो. रात्री कधीतरी दुकानाच्या रखवालदाराने रांग भिंतीला चिकटवून घट्ट करायला लावली होती. रेजाँ बादलीवर होता. त्याच्या पाठीला लागून ते कॉलेजातलं जोडपं. मध्ये बोट शिरायला जागा नव्हती.

बाबा हसत हसत पुढे झाले आणि जोडप्याला म्हणाले, "एक्स्क्यूज मी, आमची जागा."

मुलगा म्हणाला, "तुम्ही गेला होतात."

"नो, नो. आय टोल्ड हिम." बाबांनी रेजाँकडे बोट दाखवलं.

रेजाँ उठून उभा राहिला. "मला काय सांगितलं?"

"जं स्वी देरिएर व्हू!"

"हो," रेजाँ म्हणाला. "आणि मला फार बरं वाटलं ते ऐकून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मधला मीच होतो. मी फ्रेंचमध्ये समजावायला लागलो: आमच्याकडे असं म्हणतात, म्हणजे रांगेत माणूस जाताना पुढच्याला म्हणतो, मी तुमच्या मागे, म्हणजे खरोखर मागे, शरीराने... आणि बोलता बोलता मला कळलं. आपल्याकडे मागे असणं वेगळं आणि पाठीशी असणं वेगळं. त्यांच्याकडे दोन्हींना एकच शब्द होता. एका माणसाने रात्री आपलं घर मोडल्याची गोष्ट सांगितली होती, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक परका माणूस म्हणाला होता, मी तुमच्या पाठीशी आहे. आणि मग तो परका माणूस उठून निघून गेला होता.

रेजाँला माझ्या आधी हसू फुटलं. तो इतक्या जोरात हसला की तंबूतून डोकी बाहेर आली. मग ती गोष्ट रांगेत मागे मागे सरकत गेली आणि हसणंही सरकत गेलं. माझे कान तापले. कॉलेजातली मुलगीही हसली, पण तिचा मित्र हलला नाही. "सॉरी," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण तुम्हाला घेतलं तर माझ्या मागचे सगळे एकेकाने मागे जातील. त्यांना कोणी विचारलेलं नाही." रेजाँ हात पसरून म्हणाला, "मागची जागा माझी असती तर दिली असती, मस्यू. ती माझी नाही."

मी बाबांकडे पाहिलं. आता भांडतील, असं वाटलं. ते भांडले नाहीत. "बरोबर आहे त्याचं," मला म्हणाले. मग रेजाँला विचारलं, "पण मग वॉशरूमला जायचं तर? काय बोलतात?"

"गार्दे मा प्लास," रेजाँ म्हणाला. माझी जागा सांभाळा.

"गार्दे मा प्लास," बाबांनी घोळून घोळून म्हटलं. "गार्दे मा प्लास." आणि मला घेऊन ते रांगेच्या शेवटाकडे निघाले.

तो चालण्याचा रस्ता मला आजही स्वच्छ आठवतो. रांग दुकानाला वळसा घालून मागे कचऱ्याच्या डब्यांपर्यंत गेली होती. प्रत्येक माणसाच्या पुढून जाताना मी मनात म्हणत होतो, शूज. माझे शूज. बूट घातले असते तर आम्ही गाडीत गेलो नसतो. बाबांना हे माझ्याआधी माहीत होतं, शूजकडे पाहिलं तेव्हाच. त्यानंतर इतकी वर्षं गेली, ती गोष्ट त्यांनी किती जणांना सांगितली असेल, पण सांगताना पाय गारठले तर नेहमी "आमचे" गारठले. शूज त्यांनी एकदाही गोष्टीत येऊ दिले नाहीत.

शेवटी पोचल्यावर त्यांनी मला पुढे उभं केलं आणि स्वतः मागे राहिले. वारा तिकडूनच येत होता. उजाडल्यावर दुकानातला माणूस जितकी यंत्रं तितकी कुपनं वाटत निघाला. तो वळणावरून आमच्याकडे वळला तेव्हा त्याच्या हातातला गठ्ठा मला दिसला, आणि तो जवळ येता येता पातळ होताना दिसला. आमच्यापर्यंत पोचण्याच्या बऱ्याच आधी त्याने रिकामे हात वर केले. पुढच्या काही पोरांनी शिव्या दिल्या. माझ्या डोळ्यांसमोर दुपार आली: व्हिक्तोर, यानेत, आणि टीव्हीखालची रिकामी जागा.

"घरी जाऊ," मी म्हणालो.

"आता आलोच आहे तं दार उघडताना पाहून जाऊ ना," बाबा म्हणाले. "पाहू, काय करतात."

दार उघडल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, एवढंच झालं. पण बाबांना तेही बघायचं होतं. रेजाँ डबा डोक्यावर धरून बाहेर आला, आम्हाला पाहिलं आणि मैदानाच्या त्या टोकावरून ओरडला, "मस्यू! जं स्वी देरिएर व्हू!" बाबांनी दोन्ही हात हलवले. तो कुठे राहायचा, त्याचा मुलगा त्या दिवशी बोलला की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाबा मात्र पुढे कित्येक शनिवारी जेवताना मध्येच म्हणायचे, "त्याचं पोरगं बोललं असन का बे?"

घरी आईने दार उघडलं. "भेटलं?"

"नाही. पण लय मजा आली," बाबा म्हणाले आणि जाकीट न काढताच सगळी गोष्ट सांगितली. आईने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "अन् जागेवर पिशवी काहून नाही ठेवली?"

बाबांनी कपाळाला हात लावला. "पिशवी राहिली!"

व्हिक्तोर आणि यानेतचे फोन नंबर माझ्याकडे नव्हते, त्यामुळे त्यांना येऊ नका सांगायची सोय नव्हती. दुपारी मी खिडकीखाली स्टुलावर बसलो. पाय येत होते, जात होते. मग दोन जोड्या आल्या, थबकल्या, पुढे गेल्या, परत आल्या आणि आमच्या पायऱ्या उतरायला लागल्या. मी दार उघडलं आणि ते आत यायच्या आधीच सांगून टाकलं, "यंत्र नाही मिळालं. आमची जागा गेली."

"गेली म्हणजे?" व्हिक्तोरने विचारलं.

तेवढ्यात बाबा आतून आले. रात्रभराची दाढी वाढलेली, अंगात बनियनवर स्वेटर. त्यांनी फर्नेससमोर खुर्ची ठेवली, ती दुकान झाली. मला उलट्या डब्यावर बसवलं, मी रेजाँ झालो. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि चालत जाऊन फ्रिजशेजारी उभे राहिले, ती गाडी. मी मित्रांकडे बघायचं टाळत होतो. वाटलं, आता हे हसतील आणि सोमवारी अख्खा वर्ग हसेल.

यानेत हसली नाही. तिच्या कपाळावर आठी आली. "पण तुझे बाबा बरोबरच होते की," ती म्हणाली. "आमच्याकडे असंच करतात. गेल्यावर ओरडायचं, शेवटचा कोण? आणि मग झाडाखाली जाऊन बसायचं. दिवसभर उभं कोण राहतं?"

"आमच्या आजीच्या वेळी तळहातावर शाईने नंबर लिहायचे," व्हिक्तोर म्हणाला. "नंबर घालवायचा नसेल तर हात धुवायचे नाहीत."

"हात नाही धुवायचे?" बाबांनी खुर्ची ओढली. "अन् जेवायचे कसे मग? आणि लिहायचं कोणी? पहिला येईल त्यानं?"

आणि ते सुरू झाले. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होतो आणि पहिल्यांदाच मला पुढचा प्रश्न काय येतो याची उत्सुकता होती. काही प्रश्न मी माझेच घुसडले. आईने बेसनाच्या पातोड्यांचा तिखट रस्सा वाढला. व्हिक्तोरच्या नाकातून पाणी यायला लागलं, तरी त्याने दुसऱ्यांदा घेतला. वर लाकडी चपला थांबल्या, खिडकी उघडली. यंत्राचं नाव कोणी काढलं नाही. अंधार पडल्यावर जाताना व्हिक्तोर पायरीवरून वळून मला म्हणाला, "जं स्वी देरिएर त्वा." मी तुझ्या मागे आहे. आमच्या तिघांत ते वाक्य शाळा संपेपर्यंत टिकलं.

यंत्र आमच्याकडे आलं ते बर्फ वितळल्यावर. दुकानात त्याच्या डब्यांचा ढीग होता. बाबांनी एक उचलला, आजूबाजूला बघितलं आणि काउंटरवरच्या पोरीला जरा नाराजीनेच विचारलं, "नो लाइन?"

आता बाबांचे गुडघे गेले आहेत. परवा त्यांना खोकल्यासाठी दाखवायला नेलं. आमच्या भागातलं क्लिनिक अपॉइंटमेंटशिवाय बघतं, पण त्यासाठी सकाळी दार उघडायच्या आधी बाहेर रांग लावावी लागते. बाबांना मी गाडीत हीटर लावून बसवलं आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. पायांत चांगले जाड बूट होते. या बाबतीत मी आता घरच्यांनाही वैताग आणतो. थोड्या वेळाने एक बाई आल्या. डोक्याला रुमाल, कडेवर लेकरू, ते खोकत होतं. त्या नव्या होत्या, ते त्यांच्या कोटावरून दिसत होतं, असल्या कोटाने इथला एक हिवाळाही निघत नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि शब्द जुळवत म्हणाल्या, "मी... तुमच्या मागे." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता लेकराला घेऊन समोरच्या मैदानातल्या एका गाडीत जाऊन बसल्या.

लगेच एक तरुण आला आणि कानात गाणी घालून माझ्या मागे उभा राहिला. मी वळलो. त्याने एका कानातलं काढलं.

"माझ्या मागे एक जण आहेत," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, आमच्यामधल्या रिकाम्या जमिनीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता समजावून सांगावं लागणार. मी तयारही होतो. गोष्ट मोठी होती आणि दार उघडायला अजून वेळ होता. पण एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून तो मागे सरकला. गाडीच्या काचेतून बाबा सगळं बघत होते. काच खाली करून त्यांनी मला खुणेनं विचारलं: काय म्हणाला तो?